सांगितलं नाही तर कळायचं नाही

नांदेडला डी.एड.ला असताना आम्ही दोघी वसतिगृहात एका खोलीत राहत होतो. मी नायगावकडची, शेतकऱ्याच्या घरातली. ती किनवटच्या पलीकडची, सागाच्या जंगलातली. तिच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या, वस्तीला पोड म्हणतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. पहिल्या दिवशी मी ट्रंक पलंगाखाली सरकवत होते, तेव्हा तिनं विचारलं, "आपण कुठल्या गावच्या?"

मी मागं वळून पाहिलं. खोलीत आणखी कुणी आलंय का, असं मला वाटलं. आमच्याकडं पाहुण्यालाही कुणी 'आपण' म्हणत नाही.

"मी नायगावची हाय," मी म्हणाले.

भाषेच्या तासाला सर मला उभं करून उतारा वाचायला लावायचे. 'नाही'चं 'न्हाई' झालं की वर्ग हसायचा. सर पुण्याकडचे होते. ते स्वतः हसत नसत, पण थांबवतही नसत. तिला मात्र ते आदर्श वाचन म्हणून उभं करायचे. ती वाचायला लागली की खिडकीशी बसलेल्या मुलीसुद्धा बाहेर बघायचं थांबवायच्या. इतकं स्वच्छ बोलणं आमच्यापैकी कुणाचंच नव्हतं.

एकदा कपडे वाळत घालताना मी तिला विचारलं, "तुला गं कुणी शिकवलं एवढं चांगलं बोलायला?"

"भाजीनं," ती म्हणाली.

मला वाटलं, चेष्टा करते आहे. पण ती चेष्टा नव्हती. सहा-सात वर्षांची असताना तिला आश्रमशाळेत घातलं होतं. तिथं अधीक्षिका बाई जेवणाच्या रांगेशी उभ्या असायच्या. 'बाई, मला भाजी वाढा' हे शब्द नीट आले तरच पळी ताटात उतरायची. कोलामीत मागितलं तर नुसती भाकरी. सुरुवातीला तिनं कोरडी भाकरी खाल्ली, मग शिकली. पुढं ती शाळेतल्या रेडिओसमोर बसून बातम्या देणाऱ्या बाईच्या मागोमाग प्रत्येक वाक्य म्हणायची. हे सांगताना तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ओला परकर झटकत तिनं ते दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं सांगितलं.

"आन् कोलामी?" मी विचारलं.

"सुट्टीत घरी गेले की आई बोलायची. मला सगळं समजायचं. पण तोंडातून मराठीच यायची." मग परकर दोरीवर टाकत म्हणाली, "आई म्हणायची, सुट्टीला पाहुणी आली."

लग्न होऊन मी लातूरला आले, एका खासगी शाळेत लागले. ती किनवट तालुक्यातच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली, पुढं मुख्याध्यापिका. तिनं लग्न केलं नाही. वडील गेल्यावर आईला पोडावरून आणून ती किनवटमध्ये दोन खोल्यांत राहत होती. वर्षातून एकदा आम्ही भेटायचो, एरवी फोन. आई घरात कोलामीत बोलायची, ही मराठीत उत्तर द्यायची. मी कधी गेले तर मला ते दोन आकाशवाण्या एकाच वेळी लागल्यासारखं वाटायचं, पण त्या दोघींचं बरं चाललेलं असायचं. आई बोलकी होती. भाजी निवडताना, अंगण झाडताना, एकटीच असली तरी तिचं काहीतरी चालू असायचं.

जिल्हा परिषदेचा त्यांचा गट आदिवासी महिलेसाठी राखीव झाला आणि एका पक्षाची माणसं तिच्या दारात आली. तिनं स्वेच्छानिवृत्ती घेतली. मी तिला फोनवर विचारलं, "तुला कशाला गं हे सगळं?"

ती म्हणाली, "पहिलीच्या वर्गात कोलामी बोलणारी एक बाई पाहिजे. प्रत्येक पोडाच्या शाळेत. मी एवढी वर्षं अर्ज केले, कुणी वाचले नाहीत. निवडून आले तर सभेत उभी राहून सांगीन." मग म्हणाली, "माझ्यासारखी लेकरं नकोत परत."

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली होती, तेव्हा मी प्रचारात मदत करायला किनवटला गेले. मदत म्हणजे काय, तिच्याबरोबर फिरायचं आणि आलेल्या-गेलेल्यांचा चहा बघायचा. त्याच आठवड्यात पक्षाच्या मोठ्या साहेबांची सभा होती. साहेब आमच्याच भागातले. मंत्री राहिलेले, पण बोलणं शेतातल्या माणसाचं. लोकांना त्यांचं तेच आवडायचं. सभेला आलेली माणसं आपसात म्हणायची, "आपल्यासारखं बोलतो बघ, काही चढलं न्हाई डोक्यात."

मी बायकांच्या रांगेत पुढं बसले होते. शेजारी तिची आई. नवी हिरवी साडी, कपाळावर गोंदण, काळा तुळतुळीत चेहरा, आणि लेक व्यासपीठावर म्हणून ताठ झालेली मान.

साहेब उठले. "मी तुमच्याच मातीतला माणूस," ते म्हणाले, "मला गोड बोलता येत न्हाई." टाळ्या पडल्या. मग त्यांनी हात लांब करून तिच्याकडं दाखवलं.

"आता ह्या बाईंकडं बघा. जंगलातल्या बाया म्या लई बघितल्यात. काळ्याकुट्ट, चार माणसांत आल्या की मान खाली. बोलाया लागल्या तर काय बोलून राहिल्यात ते त्यांचं त्यांना ठावं. आन् ह्या बघा! रंग कसा उजळ, बोलणं कसं, पुण्याच्या बाईनं लाजावं! सांगितलं न्हाई तर कळायचं न्हाई, ह्या कोलामाच्या हायत म्हणून. एकदम आपल्यातल्या वाटतात!"

मैदानभर टाळ्या. आईनंही टाळ्या वाजवल्या, कारण साहेबांचा हात तिच्या लेकीकडं होता. मग ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काय म्हटला?"

"कौतुक केलं तुमच्या लेकीचं."

"हाव," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "पन काळी म्हटला ना?"

मी मान उचलून पाहिलं. वर व्यासपीठावर माझी मैत्रीण समोर बघत होती, आमच्याकडं नाही, साहेबांकडंही नाही. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता ना लाज. शाळेत कुणी तपासणीला आल्यावर मुलं जशी बसतात, तशी ती बसली होती. तिची पाळी आल्यावर ती उठली आणि पोडावरच्या शाळांबद्दल बोलली. एकही शब्द अडखळला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, ही एकदा तरी अडखळली असती तर बरं झालं असतं.

कुणीतरी साहेबांचं ते बोलणं मोबाइलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते सगळीकडं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी लातूरला परतले तोवर नांदेडात दुसऱ्या पक्षानं साहेबांचा पुतळा जाळला होता.

शाळा सुरू झाल्यावर स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. गणिताचे सर म्हणाले, "अहो, चांगलंच तर बोलले. गोरी म्हटलं, शुद्ध बोलते म्हटलं. ह्यात शिवी कुठाय?"

विज्ञानाचे सर दुसऱ्या पक्षाचे. ते म्हणाले, "शिवी नाही, मानसिकता आहे ही. माणूस आतून कसा आहे ते बाहेर आलं."

"तुमच्या नेत्यानं मागं आपल्याकडच्या बोलीची भाषणात नक्कल केली, तेव्हा कुठं गेली होती मानसिकता? तेव्हा तर तुम्ही हसून राहिले होते."

"ते विनोदानं होतं."

"मग हे कौतुकानं होतं."

मी वह्या तपासत ऐकत होते. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं आणि दोघांनाही त्या तथ्याशी देणंघेणं नव्हतं. वाक्य कुणाच्या तोंडून आलं, एवढ्यावरच त्याचं वजन ठरत होतं. आपल्या माणसाची जीभ घसरते, दुसऱ्याच्या माणसाचं मन उघडं पडतं. ज्या बाईकडं बोट दाखवून ते बोललं गेलं, तिला काय वाटलं असेल, हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही. ती माझी मैत्रीण आहे हे दोघांनाही माहीत होतं.

टीव्हीवर चार चौकटींत चार माणसं भांडत होती. पक्षाचे प्रवक्ते म्हणाले, "साहेबांची बोली रांगडी आहे. मराठवाड्याची बोली समजून घ्या." ते ऐकून माझा नवरा म्हणाला, "हे मात्र बरोबर आहे, आपल्याकडं असंच बोलतात."

मला ते फार लागलं. माझे वडील साहेबांपेक्षा रांगडं बोलायचे. बैलाला, पावसाला, तलाठ्याला, सगळ्यांना एकाच सुरात. नायगावच्या बाजारात त्यांचा आवाज लांबून ओळखू यायचा. पण एखाद्याला त्याच्या आईबापापासून तोडून त्यांनी कधी चांगलं म्हटलं नव्हतं. ज्या बोलीसाठी मी वर्गात उभी राहून हसू सोसलं, तीच आता साहेबांना पांघरायला दिली जात होती.

मी तसं नवऱ्याला म्हणाले. त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला.

तिच्याकडं पक्षाचे कार्यकर्ते गेले होते. हे तिनं मला फोनवर सांगितलं. मोबाइल स्टँडवर लावून ते म्हणाले, "मॅडम, दोनच वाक्यं बोला. साहेब मला वडिलांसारखे हायत, त्यांनी माझं कौतुकच केलं."

ती म्हणाली, "मी माझ्या शब्दांत बोलते." आणि बोलली. जे बोलली ते तिनं मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं: "साहेबांच्या मनात वाईट नव्हतं, असं मी धरून चालते. पण ते म्हणाले ते बरोबर नाही. मी कोलाम वाटत नाही म्हणून चांगली, असं नाही. समोर माझी आई बसली होती. मी तिची आहे आणि तिच्यासारखी आहे."

"छान बोललीस गं," मी म्हणाले.

सकाळी पक्षानं ती चित्रफीत टाकली. त्यात ती फक्त म्हणत होती, "साहेबांच्या मनात वाईट नव्हतं." मागं पक्षाचं गाणं, खाली हात जोडलेलं चिन्ह.

तिचा पुन्हा फोन आला. "वाक्यसुद्धा पुरं ठेवलं नाही गं," ती म्हणाली. "धरून चालते, एवढंसुद्धा काढून टाकलं."

पूर्ण वाक्य तिनं पुढं प्रत्येक गावात सांगितलं. पण गावातली माणसं आधीच मोबाइल बघून बसलेली असायची. पोडांवरची तरुण पोरं म्हणू लागली की ही विकली गेली. आणि मग विरोधी उमेदवाराच्या माणसांना साहेबांचं तेच वाक्य दुसऱ्या कामाला आलं. ते सभेत विचारू लागले, "हिच्याच नेत्यानं सांगितलं, ही कोलाम वाटत न्हाई. रंग तसा न्हाई, बोलणं तसं न्हाई. मग ही कोलाम हाय कशावरून? दाखला खरा हाय का?"

आमच्या भागात खोट्या दाखल्यांचा प्रश्न खराच आहे. आदिवासी नसलेल्यांनी त्यांच्या जागा खाल्ल्या आहेत, त्यामुळं ही शंका लोकांच्या मनात पटकन रुजते. तिची जात पडताळणी नोकरीच्या वेळीच झालेली होती. तिनं ती दाखवली. पण कागद बघायची कुणाला इच्छा नव्हती. साहेब जे कौतुक म्हणून बोलले, तोच आता तिच्याविरुद्धचा पुरावा झाला होता. साहेबांवर तुटून पडलेलीच माणसं तो पुरावा हातात घेऊन फिरत होती.

रविवार धरून मी पुन्हा गेले. तिकडच्या एका गावात आठवडी बाजार होता. ती दुकानादुकानाला हात जोडत पुढं चालली होती, मी आणि तिची आई मागं. एका ठिकाणी पोडावरच्या ओळखीच्या बायका चारोळी विकायला बसल्या होत्या. आई त्यांच्याजवळ टेकली, त्यांचं बोलणं सुरू झालं. तेवढ्यात हातात माइक घेतलेला एक बातमीदार आला, त्याच्यामागं मोबाइल धरलेला दुसरा.

"मॅडम," तो म्हणाला, "लोक म्हणून राहिले की तुम्ही कोलाम न्हाई. तुमच्या भाषेत दोन शब्द बोला ना. विषयच संपून जाईल."

माणसं गोळा झाली. तिनं माइककडं पाहिलं. मला वाटलं, ती म्हणेल की भाषा का येत नाही ते तुम्हाला सांगते. पळीचं, भाकरीचं सांगेल. पण तिला बोलून दाखवायचं होतं. ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिनं सुरुवात केली. दोन-तीन शब्द आले. मग एक मराठी शब्द मध्ये आला, तो तिनं गिळला, परत मागं गेली, आणि थांबली.

ज्या बाईला मी कधी अडखळताना पाहिलं नव्हतं, ती भरबाजारात तोंड अर्धवट उघडं ठेवून उभी होती.

कुणीतरी हसलं. तेव्हा चारोळीच्या टोपल्यांजवळून तिची आई बोलली. मोठ्यानं, स्पष्ट, कोलामीत. काय बोलली ते मला कळलं नाही, पण सूर कळला. फळ्यासमोर अडलेल्या लेकराला आपण पुढचा शब्द सांगतो, तसा. लेकीनं तो शब्द उचलला. आईनं पुढचा सांगितला.

मोबाइल धरणारा आईकडं वळला. "आई शिकवून राहिली बघा!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळा घोळका हसला. आईला वाटलं, माणसं खूश झाली. तीही हसली, आणि पुढचा शब्द आणखी मोठ्यानं म्हणाली.

मैत्रिणीनं जाऊन आईचा हात धरला आणि तिला उठवलं. गाडीत बसल्यावर आईनं काहीतरी विचारलं. तिनं मराठीत उत्तर दिलं, "काही नाही गं आई. तुझं काही चुकलं नाही."

पण ती चित्रफीत घरोघर पोचली. किनवटमध्ये शेजारच्या पोरांनी ती आईलाच दाखवली. माणसं कशाला हसली, ते तिला तेव्हा समजलं. वर कुणीतरी 'आईनंच उघडं पाडलं लेकीला' असं लिहिलं होतं, ते पोरांनी वाचूनही दाखवलं.

ती निवडणूक हरली. फार मोठ्या फरकानं. पोडांवरचीही मतं तिला पडली नाहीत. निकालाच्या दिवशी मी फोन केला तर म्हणाली, "लोकांना दोष नाही देत मी. त्यांनी आयुष्यभर आमच्या नावावर दुसरेच निवडून आलेले बघितलेत. मला ऐकून त्यांनाही तसंच वाटलं असेल."

साहेबांचं काही बिघडलं नाही. भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे, एवढं ते एकदा म्हणाले. 'मला गोड बोलता येत न्हाई' हे वाक्य त्यांच्या भाषणात अजून असतं आणि टाळ्या आता जास्त पडतात. आमच्या स्टाफरूममध्ये पुढं दुसऱ्या नेत्याचं दुसरं वाक्य आलं. तेव्हा गणिताचे सर मानसिकतेबद्दल बोलत होते आणि विज्ञानाचे सर म्हणत होते की मूळ संदर्भ बघा.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडं गेले. घर फार शांत वाटलं. आधी मला कळेना काय बदललंय. मग लक्षात आलं, आई बोलत नव्हती. दाणे निवडत होती, पण गप्प. मला बघून म्हणाली, "आली का? बस. पानी देते." तुटकी, शोधून काढलेली मराठी.

मैत्रीण स्वयंपाकघरात मला हळू आवाजात म्हणाली, "निकालापासून असंच आहे. माझ्याशी कोलामीत बोलतच नाही. मी म्हटलं, आई, तुझ्या बोलीत बोल, मला शिकायची आहे आता. तर म्हणते, नको, लोक हसते तुला."

"तू सांगितलं नाहीस, की त्यात तिचा काही दोष नाही म्हणून?"

"किती वेळा सांगू? तिला वाटतं, तिनं मध्ये तोंड घातलं म्हणून मी पडले."

थंडीत आईच्या पोटात दुखायला लागलं. किनवटच्या डॉक्टरांनी नांदेडला न्यायला सांगितलं. मी लातूरहून तिथं पोचले तेव्हा आईला वॉर्डात घेतलं होतं. शेजारच्या पलंगावरच्या रुग्णाची बहीण माझ्या मैत्रिणीकडं निरखून बघत होती. शेवटी म्हणाली, "तुम्ही त्या व्हिडिओतल्याच ना? बाजारातल्या?" तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, ओळख पटल्याचा आनंदच होता. आईनं ते ऐकलं.

डॉक्टर आले. तरुण होते, समजूतदार होते. "आजी, कसं दुखतं? टोचल्यासारखं, जळजळल्यासारखं, का पिळल्यासारखं?"

आईनं शेजारच्या पलंगाकडं पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "दुखते."

"हो, पण कसं?"

"दुखते. बरा हाय."

"आई, तुझ्या भाषेत सांग," मैत्रीण म्हणाली. "मी सांगते डॉक्टरांना."

आईनं मान हलवली. घामानं तिचं कपाळ ओलं झालं होतं, पण ओठ मिटलेले. डॉक्टर थोडा वेळ थांबले आणि पुढच्या पलंगाकडं गेले. मैत्रिणीनं हिरवा पडदा ओढून घेतला. मी बाहेर उभी राहिले. मग आईचा आवाज आला, अगदी हळू, कोलामीत. किती महिन्यांनी तो सूर माझ्या कानावर पडला. मैत्रीण मध्ये मध्ये मराठीत विचारत होती, "कुठून? इथून?"

ती पडदा सारून बाहेर आली. "पोटातून पाठीकडं जातं म्हणते. जेवल्यावर वाढतं. आणि कसं दुखतं त्याला तिनं एक शब्द वापरला." ती थांबली. "तो मला माहीत नाही गं. जळतं म्हणते, का ओढतं म्हणते, का आणखी काही. मी तीनदा विचारलं. ती तोच शब्द परत म्हणते. तिला वाटतं, मला कळलाय."

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. ऑपरेशन झालं. आई घरी आली, हळूहळू जेवायला लागली. मी फोन करते तेव्हा तीच कधी कधी उचलते आणि 'बरा हाय' म्हणून लेकीकडं देते.

तो शब्द मैत्रिणीनं नंतर तिला विचारला होता. आई म्हणाली, "आता दुखत न्हाई ना? मंग काय करते त्याचं?"